पाच स्की कारखाने, पाच रॅकेटी : म्युनिकच्या तळघरातल्या नोंदी

स्की बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या टेनिस रॅकेटी कोणी गोळा करायला बसलंच, तर त्याचे निदान माझ्याएवढे पैसे तरी वाया जाऊ नयेत, म्हणून हे तारीखवार लिहून ठेवतोय. मी सुतार नाही, गटिंगवाला (रॅकेटीला तारा ओवून ताणून देणारा) नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो.

शनिवार, २० एप्रिल २०२४

टेरेझियनवीजे, म्हणजे ऑक्टोबरफेस्टचं मैदान. वसंतातल्या जत्रेच्या पहिल्या शनिवारी इथे अवाढव्य जुना बाजार भरतो. गेलो होतो मुलीसाठी सायकल बघायला. ती काही मिळाली नाही. एका आजोबांनी जमिनीवर चादर अंथरली होती, तिच्यावर चीज वितळवायच्या भांड्याशेजारी एक रॅकेट पडलेली. नाव : फिशर.

फिशर मला माहीत होती ती फक्त स्कीवरून. ऑफिसातल्या एकाच्या जुन्या स्की त्यांच्याच आहेत, टोकाला गोल भोक असलेल्या. फ्रान्झ क्लामरने १९७६ साली इन्सब्रुकला डाउनहिलचं सुवर्ण मारलं ते फिशरवरच. पण टेनिस? आजोबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि एकच शब्द म्हणाले, "श्टीख." मग डोक्यात प्रकाश पडला. १९९१, विम्बल्डन, मिखाएल श्टीखने अंतिम सामन्यात बेकरला तीन सेटमध्ये गुंडाळलं, ते याच रॅकेटने. फिशर व्हॅक्यूम प्रो. मजा म्हणजे फिशरच्या त्या काळच्या स्कीवरही 'व्हॅक्यूम टेक्निक' असंच छापलेलं असायचं. १५ युरो सांगितले, घासाघीस करून १२ ला आणली.

रात्री टॉर्च लावून बघितलं. मुठीच्या वर जिथे फ्रेमचे दोन पाय फुटतात, तिथे केसाएवढी रेघ. नुसता रंग तडकलाय की फ्रेम? दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना ठेवून दाबलं. रेघ उघडली, मिटली. फ्रेमच.

१२ युरो पाण्यात. बाजारात जाताना टॉर्च खिशात हवा होता.

रविवार, ५ मे

ठरवलं. पाच कारखान्यांची प्रत्येकी एक रॅकेट : हेड, क्नाइसल, फिशर, फ्योल्कल, रॉसिन्योल. खर्च ३०० युरोंच्या आत. आणि एक अट : प्रत्येकीने खेळता आलं पाहिजे. भिंतीवर टांगून ठेवायच्या असतील तर फोटो पुरेत.

यांनी रॅकेटी का बनवल्या, याचं गूढ वगैरे काही नाही. सत्तरच्या दशकात टेनिसची लाट आली होती. लाकडाचे पापुद्रे, काचतंतू, ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे कार्बन, हे सगळं एकमेकांवर चिकटवून दाबायची विद्या यांच्याकडे होतीच. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच. हिवाळ्यात स्की घेऊन जाणारा माणूस उन्हाळ्यात रॅकेट घ्यायला येणारच.

माझं नशीब एवढं की यातले तीन कारखाने घराच्या आसपास पडतात. क्नाइसल कुफ्श्टाइनचा, फ्योल्कल श्ट्राउबिंगचा, फिशर रीडचा. रॉसिन्योलचं मूळ ग्रनोबलजवळच्या व्हॉयराँला. हेडचा मात्र जन्म अमेरिकेत बॉल्टिमोरला, जिथे डोंगरही नाही आणि धड बर्फही नाही.

शनिवार, १८ मे

कुफ्श्टाइन. महिन्याचा पास (२०२४ मध्ये ४९ युरोंचा) तिथपर्यंत चालत होता, त्यामुळे ऑस्ट्रियात जाऊनही तिकीट शून्य. जाहिरातीत लिहिलं होतं 'डाखबोडनफुंड', म्हणजे माळ्यावर सापडलेली वस्तू. इथे जुनी रॅकेट विकणाऱ्या निम्म्या लोकांना ती माळ्यावरच सापडलेली असते. 'दुकानातून विकत घेतल्यापासून जपून वापरलेली' कोणाकडेच नाही.

बाईंनी साडेबाराची वेळ दिली होती. तोवर इन नदीच्या काठी बसलो. बरोबर बारा वाजता किल्ल्यातला प्रचंड ऑर्गन सुरू झाला आणि अख्खं गाव त्यात बुडालं. रोज बाराला वाजतो म्हणे. आमच्याकडे बाराचा भोंगा व्हायचा, त्याची आठवण झाली.

रॅकेट : क्नाइसल व्हाइट स्टार. व्हाइट स्टार हे मुळात त्यांच्या स्कीचं नाव, तेच पुढे रॅकेटीला लागलं. इव्हान लेंडल सुरुवातीच्या काळात हीच खेळायचा, आणि नंतर तो आदिदास घेऊन उतरला तेव्हा त्या फ्रेमाही क्नाइसलनेच बनवलेल्या होत्या. या वेळी टॉर्च होता. फ्रेम टेबलाच्या काचेवर ठेवून बघितली, कुठे डुगडुगत नाही. नाण्याने सगळीकडे टकटक केलं. आवाज सगळीकडे सारखा, बद्द कुठेच नाही. २५ युरो, घासाघीस न करता. बाईंनी वर एक लाकडी प्रेसही दिला, म्हणजे लाकडी रॅकेट वाकू नये म्हणून तिला आवळून ठेवायची चौकट. ही फ्रेम लाकडी नाही, तिला त्याचा उपयोग नाही. पण चारी कोपऱ्यांना पितळी स्क्रू असलेला तो प्रेस बघून मला लहानपणीची सांगली आठवली. घेऊन आलो.

रविवार, २६ मे

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण हीच सगळ्यात कामाची आहे.

क्नाइसलच्या फ्रेमवर जुन्या मालकाच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती. पट्टी निघाली, गोंद राहिला. इंटरनेटवर शोधायचा कंटाळा केला आणि बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतलं. गोंद झटक्यात गेला. खूश होऊन आणखी दोन बोटं वर घासलं. कापूस रंगीत झाला. बघतो तर ताऱ्याचं एक टोक आणि त्याखालच्या अक्षराचा अर्धा भाग फ्रेमवर नव्हता. चाळीस वर्षं टिकलेला रंग मी चार सेकंदांत पुसला.

ॲसिटोन गोंद विरघळवतो तसा रंगही विरघळवतो, हे कळायला इंजिनीअर असावं लागत नाही.

उपाय शोधण्यात दुपार घालवली. पहिला विचार, तारा रंगवून टाकू. बायको म्हणाली, "अरे, तुला रांगोळीचा ठिपका सरळ काढता येत नाही. राहू दे तसाच." राहू दिला. तेच बरोबर होतं : पुन्हा रंगवलेल्या रॅकेटीपेक्षा ओरखडलेली मूळ रॅकेट केव्हाही बरी.

गोंद काढायची रीत, जी मी नंतर बाकीच्या सगळ्यांवर वापरली : केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा, मग खोबरेल तेलाचा बोळा पंधरा मिनिटं दाबून ठेवायचा, मग बोटानेच गोळा करत काढायचं. तरी राहिला तर कपड्यांचे डाग काढायचं 'वॉशबेन्झिन' (म्हणजे पांढरं पेट्रोल, विषारी बेंझीन नव्हे), तेही आधी मुठीजवळ ग्रिपखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर तपासून.

शुक्रवार, १४ जून

हेड आली. आर्थर ॲश कॉम्पिटिशन. ४० युरो अधिक टपाल ८.

टपालाबद्दल : रॅकेटीची लांबी साधारण ६९ सें.मी. इथल्या स्वस्त छोट्या पार्सलची कमाल लांबी ६० सें.मी. त्या ९ सेंटिमीटरांसाठी अर्ध्या किलोचीही नसलेली वस्तू पाच किलोच्या दराने येते. म्हणजे ५ युरोंची रॅकेट घरी येईपर्यंत १३ ची होते. विकणारा गावातलाच असेल तर स्वतः जाऊन आणा, हातात घेऊन तपासताही येते.

पार्सल आलं तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून चिठ्ठी टाकून ते दुकानात ठेवलेलं. नेमकी आज युरो कपची सलामी, म्युनिकमध्येच, जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड. घागरे घातलेल्या हजारो गाणाऱ्या स्कॉटिश पाहुण्यांमधून लांबुडकं खोकं छातीशी धरून घरी आलो. एकाने विचारलं, आत बॅगपाइप आहे का.

ही रॅकेट मला सगळ्यांत जास्त हवी होती. कंपनी काढणारा हॉवर्ड हेड विमानांच्या कारखान्यातला इंजिनीअर. विमानात वापरतात तसं दोन पत्र्यांच्या मध्ये हलका गाभा चिकटवून त्याने स्की बनवली : बाहेर ॲल्युमिनियम, आत लाकूड. ही रॅकेटही तशीच, बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत काचतंतूंचा गाभा. कडेने बघितली की थर डोळ्यांना दिसतात. १९७५ च्या विम्बल्डनमध्ये ॲशने कॉनर्सला ६-१, ६-१, ५-७, ६-४ असं हरवलं तेव्हा एका बाजूला हे सँडविच होतं आणि दुसऱ्या बाजूला पोलादी नळीची रॅकेट.

दोष : उजव्या खांद्याजवळ पत्रा गाभ्यापासून सुटलेला, साधारण ४ सें.मी. जाहिरातीतल्या फोटोत नेमका तो कोपरा अंधारात होता.

शनिवार, २२ जून

सुटलेला पत्रा, प्रयत्न पहिला. दोन भागांचा इपॉक्सी सुईने आत सोडला आणि चार क्लॅम्प जीव खाऊन आवळले. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले, नखाने उचकटून बघितलं, पत्रा पुन्हा सुटला. आवळण्याच्या नादात सगळा गोंद बाहेर पिळून निघाला होता.

शनिवार, २९ जून

प्रयत्न दुसरा. या वेळी आधी आतलं साफ केलं. जुन्या गोंदाचे पापुद्रे पातळ पात्याने खरवडले, पॉलिश पेपरची पट्टी आत सरकवून ॲल्युमिनियमची आतली बाजू घासली, त्याच वॉशबेन्झिनने पुसली आणि लगेच गोंद भरला. लगेच याला अर्थ आहे : घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर तेव्हाच धरायला लागतो, चहा प्यायला गेलात की निम्मी घासाई फुकट. क्लॅम्प फक्त दोन, गोंदाची बारीक रेघ कडेने डोकावेपर्यंतच आवळले. खाली लाकडाच्या चिपा. तीन दिवस हात लावला नाही.

पकडलं. हेडच्या पहिल्या काही स्की व्हरमाँटमधल्या प्रशिक्षकांच्या पायाखाली मोडल्या होत्या. दुसऱ्या प्रयत्नात जमलं म्हणजे मी त्याच्यापेक्षा पुढे, असं बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही.

आजच एका टेनिस क्लबच्या जुन्या पेटीतून दुसरी फिशर मिळाली, तीच व्हॅक्यूम प्रो, अखंड. ३० युरो.

शनिवार, ६ जुलै

इथे गटिंग करून घ्यायला एका रॅकेटीला २०-२५ युरो पडतात. पाचांचे शंभरावर. शिवाय ज्या दुकानात गेलो तिथला मुलगा म्हणाला, "एवढी जुनी? मोडली तर आमच्यावर नाही." मग जुनं, वजन लटकवून तार ताणायचं यंत्र घेतलं, ११० युरो. तारेचं २०० मीटरचं रीळ ४० ला. एका रॅकेटीला सुमारे १२ मीटर लागते. पॉलिएस्टरची ताठ तार अशा फ्रेमांना घालू नका, मऊ सिंथेटिकच घ्या.

सरावाला पहिली, चिरलेली फिशर घेतली. चुका क्रमाने :

जुन्या तारा कापताना आधी सगळ्या उभ्या कापल्या. आडव्यांचा ताण तसाच राहिला आणि फ्रेम दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली. कापायच्या त्या मधून सुरू करून, एक उभी एक आडवी, बाहेर जात.

मग नव्या तारा २४ किलोला ताणायला घेतल्या. अकराव्या तारेला 'टक्क' आवाज आला. चीर उघडून हाताएवढी झाली होती. मोडणार होतीच, पण आधी वाकवून मीही हातभार लावला होता.

रविवार, ७ जुलै

मोडलीच आहे तर आत काय आहे ते तरी बघू, म्हणून तळघरात हॅक्सॉने कापायला घेतली. पाचव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. "आज रविवार आहे." इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकणंही पाप. माफी मागितली, उरलेलं सोमवारी संध्याकाळी कापलं. काळ्या तंतूंचं कवच, आत पिवळसर फोम. कार्बनची भुकटी घशात जाऊ नये म्हणून मास्क लावा आणि पातं ओलं करून कापा. मी पहिल्या पाच मिनिटांत लावला नव्हता, दोन दिवस खोकलो.

शनिवार, २० जुलै

दुसरी फिशर. भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या इतक्या कडक झालेल्या की हात लावताच सहा फुटल्या. या मॉडेलच्या नव्या नळ्यांच्या पट्ट्या कुठेच मिळेनात. प्रथम मत्स्यालयाच्या हवेची मऊ नळी कापून घातली. पहिल्याच ताणाला तारेने ती लोण्यासारखी चिरली. मग हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांना लावतात ती नायलॉनची कडक नळी आणली, बाहेरून ४ मि.मी., ७ युरो. तिचे तुकडे आतून घालून बाहेरचं टोक सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने जरा पसरवलं. बसल्या. तुमच्या फ्रेमचं भोक मात्र आधी मोजा.

२२ किलो ताण. वेळ ३ तास ४० मिनिटं. एका जागी तार दोनदा वरूनच गेलीये, विणीत चूक. खेळायला फरक पडत नाही म्हणून सोडून दिली. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "नोकरी आहे ना रे अजून?"

शनिवार, १० ऑगस्ट

श्ट्राउबिंगला फ्योल्कल आणायला. तारीख निवडताना कॅलेंडर पाहिलं नाही : तिथला ऑगस्टातला मोठा मेळा काल सुरू झाला. गाडीत चामडी चड्ड्या आणि झालरीचे झगे घातलेली माणसं दारापर्यंत, मी एका पायावर. येताना रॅकेट डोक्यावर धरून.

ती मात्र फुकट मिळाली. घरमालकांनी "कचऱ्यातच टाकणार होतो" म्हणून दिली, मी घरच्या चिवड्याचं पाकीट दिलं. रात्री ग्रिप सोडवली तेव्हा फुकट का ते कळलं. मुठीचा फोम विरून गेलेला, बोट लावलं की ओल्या बिस्किटासारखा पडतो.

ऑगस्टचे तीन शनिवार-रविवार

मूठ पुन्हा बनवली. मऊ लिंडनचं लाकूड, ६ युरो. दोन अर्धुकं कोरून फ्रेमच्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवायची, मग कानशीने अष्टकोन करायचा. रविवारी कानस चालते, आवाज होत नाही. काकूंना विचारून घेतलं.

पहिली मूठ वाया. माप घेतलं होतं क्नाइसलच्या मुठीवरून, ग्रिपसकट. लाकूड त्या मापाचं केलं आणि वर पुन्हा चामड्याची ग्रिप गुंडाळली, तर मूठ क्रिकेटच्या बॅटसारखी. ग्रिपची जाडी आधी वजा करा. दुसऱ्यांदा बरोबर आली. एकूण ९ तास. पण या सगळ्या खटाटोपात मला मनापासून आवडलेलं काम हेच.

गुरुवार, १२ सप्टेंबर

फसलो. रॉसिन्योल एफ २०० म्हणून २२ अधिक ८ युरो पाठवले. आली लहान मुलांची ॲल्युमिनियमची. विचारलं तर उत्तर : खासगी विक्री, परत घेणार नाही. फोटो इंटरनेटवरून उचललेला होता. आता मी आधी सांगतो, रॅकेटीशेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो पाठवा. ओलीस धरल्यासारखं वाटतं, पण उपयोग होतो.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाडवा. माझा कॉलेजातला मित्र ग्रनोबलला चिप डिझाइनमध्ये आहे, तो दिवाळीला आला. फराळाच्या बदल्यात त्याने बॅगेतून एफ २०० काढली, गावातल्या रस्त्यावरच्या बाजारात १५ युरोंना मिळालेली. त्या बाजाराला फ्रेंचमध्ये 'व्हीद-ग्रनिए' म्हणतात, म्हणजे माळा रिकामा करणं. तिथेही माळाच.

बाकीच्या चौघींत ही लगेच ओळखू येते. गळ्याजवळचा आडवा पूल नेहमीसारखा खाली न झुकता वर, जाळीच्या आत चढतो. माट्स व्हिलांडर ही घेऊन खेळायचा.

हलवली की आत खुळखुळ. मुठीच्या तळाची टोपी काढली, पोकळीत गोंदाचा जुना खडा फिरत होता. तो बाहेर येईना, म्हणून रॅकेट उलटी धरून त्याला कोपऱ्यात आणलं आणि वरून चार थेंब इपॉक्सी सोडून तिथेच चिकटवून टाकला. दहा मिनिटांचं काम. २२ किलोला गटिंग, आता १ तास ५० मिनिटं लागतात. चकली खात खात केलं. तेलकट हातांनी तार ओढू नका, पकडीतून सुटते.

रविवार, १ डिसेंबर

बंदिस्त कोर्ट, एक तास. मी, बायको आणि पाचही रॅकेटी.

फ्योल्कल बायकोने घेतली ती परत दिली नाही. मूठ तिच्या हाताला बसली म्हणाली. क्नाइसल अंगाने जड, पण चेंडू मध्यावर बसला की असा ठोक आवाज येतो की शेजारच्या कोर्टावरचे वळून बघतात. फिशर सगळ्यांत सोपी, कारण सगळ्यांत तरुण. रॉसिन्योलशी माझं अजून जमलेलं नाही, मध्याच्या जरा खाली चेंडू लागला की मनगट झणाणतं. हेड २० किलोलाच ताणली होती. मऊ लागते, चेंडू क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, आणि बाहेर जातो.

हिशोब : रॅकेटी आणि त्यांचं टपाल १६०, त्यात वाया गेलेले ४२. यंत्र ११०, तार ४०. पाच चामडी ग्रिपा ६५, क्लॅम्प १६, इपॉक्सी १२, नळी ७, लाकूड ६. एकूण ४१६ युरो. ठरवले होते ३००. वेळ, प्रवास सोडून, ६१ तास.

घरी येऊन हेडचा चिकटवलेला कोपरा भिंगाखाली धरला. सांधा बंद आहे. डाव्या खांद्याला मात्र, जिथे मी हात लावला नव्हता, पत्र्याची कड कागदाएवढी उचललेली दिसतेय. क्लॅम्प पुन्हा वर काढले आहेत.